डोंगरावर नेलेली धूळ

कुणाला एका कानानं ऐकू येत नाही, कुणाचा एक पाय ओढतो, तसं शिंदखेड्याकडच्या भटूला 'नाही' म्हणता येत नव्हतं. बाकी माणूस धडधाकट. मिशा झुबकेदार, आवाज पहाडी, गावचा पाटीलसुद्धा वाटेत भेटला तर थांबून दोन शब्द बोले. पण समोरच्यानं काही मागायचा अवकाश, भटूच्या तोंडून 'व्हई जाई' बाहेर पडलंच म्हणून समजा. होऊन जाईल! कसं होणार, कोण करणार, हा विचार मागाहून, आणि तोही बहुधा दुसऱ्यानंच करायचा. ऐन पेरणीत त्यानं आपली एकुलती एक बैलजोडी तीन शेजाऱ्यांना कबूल केली. तिघं एकाच सकाळी दारात उभे राहिले, तेव्हा स्वारी मागच्या दारानं निसटून दिवसभर नदीकाठी बसून होती. गावानं त्याला नावं ठेवली आणि पुढच्या पेरणीला बैल मागायला पुन्हा त्याच्याकडेच गेलं.

घरात थोरली विधवा बहीण भिकुबाई आणि तिची पोर पुष्पा. भटूचं स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. पुष्पा रांगत होती तेव्हा तिचा बाप गेला, तेव्हापासून मामाच तिचा बाप. पायात काटा मोडला, मातीची बाहुली फुटली, लाडकं कोकरू लांडग्यानं नेलं, की पोर रडत मामाकडे यायची. मामा तिला खांद्यावर घ्यायचा आणि म्हणायचा, "व्हई जाई, बाय, व्हई जाई." काही व्हायचं नाही. बाहुली फुटलेलीच राहायची, कोकरू काही परत यायचं नाही. पण पोर रडायची थांबायची.

पुढं पोर लग्नाची झाली आणि हेच दोन शब्द तिच्या मुळावर आले. एक स्थळ भडगावकडून आलं. भटू म्हणाला, व्हई जाई. त्याच आठवड्यात दुसरं स्थळ धुळ्याकडून आलं. भटू म्हणाला, व्हई जाई. सुपारी फोडायला दोन्हीकडची मंडळी एकाच दिवशी एकाच अंगणात उतरली. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांना आधी राम राम केला, बैलांची विचारपूस केली, मग कशासाठी येणं केलंत ते विचारलं. त्यानंतर जे झालं ते सांगण्यासारखं नाही. दोन्ही स्थळं पाण्याला न शिवता उठून गेली आणि पुष्पाला पंचक्रोशीत 'दोन सुपाऱ्यांची नवरी' असं नाव पडलं. त्या नावाच्या पोरीच्या दारात पुढं वर्षभर कुणी फिरकलं नाही.

म्हणून एकतीस सालच्या होळीनंतर झुलाल आबांच्या घरचा निरोप आला, तेव्हा भिकुबाईनं देवापुढे गूळ ठेवला. हे लोक तापीपलीकडचे, शिरपूरच्याही वर, सातपुड्याच्या पायथ्याचे. मोठं खटलं, गोठा गायींनी भरलेला. त्यांच्या रुपचंदनं जत्रेत पुष्पाला पाहिलं होतं आणि करीन तर हीच, असं आईला सांगून टाकलं होतं. पुष्पानं त्याला पाहिलं होतं की नाही, ते तिनं सांगितलं नाही. मात्र रुपचंदचं नाव निघालं, की ती चुलीला फुंकर घालायला उठायची. चूल विझलेली असली तरी.

बोलणी करायला निघालेल्या भटूला भिकुबाईनं वेशीपर्यंत जाऊन बजावलं. "भटू, तुना पाया पडस. तठे कोनी काई इचारं, त 'घर इचारीसन सांगस' आसं म्हनजो. हाई स्थळ गयं त पोरनं काई खरं नही."

भटू म्हणाला, "व्हई जाई." भिकुबाईनं कपाळाला हात लावला.

झुलाल आबांच्या ओसरीवर आधी रुपचंदची आई भागाबाई बोलली. रुपचंद लहान असताना त्यानं नाकात हरभऱ्याचा दाणा घातला होता. दाणा आत जाऊन फुगला. वैद्य झाले, मांत्रिक झाले, एका न्हाव्यानं चिमटासुद्धा घालून पाहिला. पोर निळं पडायला लागलं, तेव्हा भागाबाई त्याला कडेवर घेऊन डोंगरात झिरामायकडे गेली. झिरामाय म्हणजे झऱ्याच्या काठची, मोहाच्या झाडाखालची शेंदरी देवी. तिच्यापुढे पोराला ठेवलं मात्र, त्याला शिंक आली आणि दाणा उडून थेट देवीच्या पायाशी पडला. भागाबाईनं तिथंच नवस बोलला.

"भटूभाऊ, मना आंडोरनं लगीन झिरामायजोडेच लागाले जोयजे," भागाबाई म्हणाली. "दुसरीकडे नही."

"व्हई जाई," भटू म्हणाला.

मग झुलाल आबांनी खाकरून घसा साफ केला. "याही, मना घरमा गोरजनं लगीन लागस. मना बापना, मना आजाना, बठ्ठास्ना डोकावर घरन्या गायीस्नी धूळ पडनी, मंगच अंतरपाट सरकना. धूळ नही त लगीन नही."

"व्हई जाई," भटू म्हणाला.

आता, संध्याकाळी गायी घराकडे परततात, त्यांच्या खुरांची धूळ उडते, ती वेळ लग्नाला चांगली, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण आबांचं घराणं धुळीच्या बाबतीत कडक. वेळ नुसती साधून भागायचं नाही, धूळ डोक्यावर पडायला हवी, आणि तीही आबांच्याच गायींची. आणि झिरामायचं ठाणं होतं डोंगरात, जिथं नुसता खडक, पाचोळा आणि झऱ्याचं पाणी. धूळ औषधालाही नाही. नवरा-बायकोचं यावरून चार महिने वाजलं होतं आणि शेवटी दोघांनी बोलणंच टाकलं होतं. आता दोघांनाही, वेगवेगळं, असं वाटलं की काय समजूतदार व्याही मिळाला.

भटूनं घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा भिकुबाईनं देवापुढचा गूळ उचलून परत डब्यात ठेवला. पुष्पा मात्र मामापाशी येऊन बसली.

"मामा, एकदाव तरी नही म्हन ना. मनासाठे."

"म्हनसू ना," भटू म्हणाला.

"आते म्हनी दखाड. मामा, आपला ढवळ्या बैल माले दी टाक."

भटूनं ओठ दाबले, मान झटकली. कानशिलं लाल झाली. "न..." म्हणाला. "नन्..." म्हणाला. मग हात झाडून म्हणाला, "लई जाय, बाय."

पुष्पा पोट धरून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते काही हसण्याचं नव्हतं. हेही लग्न मोडलं तर मामाचं नाव होईल 'तीन सुपाऱ्यांचा मामा', ते चालेल; पण रुपचंद पुन्हा येणार नाही, हे तिला कळत होतं. भटूलाही कळलं. त्या दिवशी त्याला भाकर गोड लागली नाही.

जागा पाहायला भटू लीलाधर जोशींना घेऊन गेला. लग्न लावणारे भटजी तेच. वर चढताना जोशीबुवा तीनदा बसले आणि तिसऱ्यांदा बसले तेव्हा म्हणाले, "हे पहा भटूभाऊ, गोरज म्हणजे वेळ. गायी आल्या काय आणि न आल्या काय, शास्त्राला त्याचं काही नाही."

"आबास्ले सांगा ना तुम्हीन," भटू आशेनं म्हणाला.

जोशीबुवांनी झुलाल आबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. आबांच्या भाऊबंदांत लग्नाच्या वयाची पोरं किती आहेत, तेही आणलं. "धूळ पडली तर उत्तमच," ते म्हणाले आणि उठून चढू लागले.

ठाण्याची राखण खालच्या पाड्यावरचा दिवल्या करायचा. रोज संध्याकाळी देवीपुढे दिवा लावायचा आणि पाय लावून खाली पळायचा. "लगीन करा," तो म्हणाला, "पन मी दिवा लावस तव्हय बठ्ठास्नी उतरी जावानं. मंग आठे बिबट्या येस पानी पेवाले. तो काई वऱ्हाडी दखस नही."

म्हणजे धूळ हवी, गायी हव्यात, आणि वेळेवर हव्यात. भटू मोहाच्या झाडाखाली बसून राहिला. आयुष्यात प्रथमच त्याला आपल्याच 'व्हई जाई'चं पुढं काय करायचं याचा विचार करणं भाग पडलं. आणि काय नवल सांगावं, त्या मोकळ्या पडलेल्या डोक्यात एक कल्पना आली. चांगली कल्पना! गाय संध्याकाळी घरी जाते ती घरासाठी थोडीच? ती वासरासाठी जाते. मग वासरं सकाळीच वर आणून देवीमागं बांधायची. गायी दिवसभर खालच्या रानात चरतील आणि तिन्हीसांजेला आपसूक वर धावत येतील.

राहिली धूळ. ती खालून न्यायची. आबांच्या गोठ्यापासून गावकुसापर्यंतची वाट भटूनं खरवडली, गोण्या भरल्या, ओढ्यापर्यंत गाडीनं नेल्या आणि तिथून पुढं डोक्यावरून. पाड्यावरची माणसं कामधाम सोडून बघायला आली. दिवल्यानं एका गोणीत हात घातला, मूठभर धूळ काढली, पाहिली आणि परत टाकली.

"दरसाल पाऊस आमनी माती खाले लई जास," तो म्हणाला. "तुम्हीन काय ती परत कराले उनात?"

भटूनं त्याला सगळं समजावलं. दिवल्याला त्यातलं एकच पटलं, की धुळ्याहून मोठा ढोल असलेला बॅण्ड येणार आहे. "तो मोठा ढोल माले एकदाव वाजाडू देशात?" त्यानं विचारलं.

"व्हई जाई," भटू म्हणाला.

लग्नाच्या दिवशी सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की भिकुबाईलाच भीती वाटायला लागली. कणकेच्या बट्ट्या शेणींच्या आरात भाजत पडल्या होत्या, वरण रटरटत होतं, वांग्यांच्या भाजीचा वास पार ओढ्यापर्यंत गेला होता. मोहाच्या झाडाखाली आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव उभा. ठाण्याकडे येणाऱ्या वाटेवर घोटाभर जाड, पिठासारखी मऊ धूळ. भटूनं तिच्यावरून अनवाणी चालून पाहिलं. पावलागणिक छान भुरका उडाला. वासरं देवीमागं, एका उंबराच्या आड बांधलेली होती आणि आईच्या नावानं ओरडत होती. त्यांनी तसंच ओरडावं, हीच तर योजना होती.

मग लोकांनी भटूला काही ना काही विचारायला सुरुवात केली.

पहिली भागाबाई. नवसाची बाई ती, देवीपुढची अवस्था बघून तिचा जीव कळवळला. "भटूभाऊ, मायना दारमा आशी धूळ बरी दिखास का? जराखा सडा टाकी लिऊ?"

भटू त्या वेळी वरणातलं मीठ चाखत होता. "व्हई जाई," तो म्हणाला. झरा हाताशी होता, बायका पुष्कळ होत्या. थोड्याच वेळात वाट शेणसड्यानं चोपून निघाली आणि तिच्यावर रांगोळीचे मोर उमटले.

दुसरे लीलाधर जोशी. "भटूभाऊ, मी मंगलाष्टकं म्हणू, की या वासरांना उत्तरं देऊ? बॅण्डवाल्यांचाही सूर लागत नाही म्हणे. खाली ओढ्यावर नेऊन सोडू का यांना?"

भटू त्या वेळी पत्रावळी मोजणाऱ्या म्हाताऱ्याशी बोलत होता. "व्हई जाई," तो मागे न बघता म्हणाला.

तिसरा दिवल्या, पण त्यानं काही विचारलं नाही. त्याला आधीच हो मिळालेलं होतं. तो फक्त ढोलापाशी जाऊन बसला आणि सगळ्यात मोठा टोला केव्हा हाणावा, याचा विचार करत राहिला.

उन्हं कलली. झुलाल आबा वऱ्हाड घेऊन वर आले. पागोटं सावरत त्यांनी वाटेकडे पाहिलं. तिथं ओल्या सड्यावर मोर नाचत होते.

"याही," आबा म्हणाले, "धूळ कोठे शे?"

भटूनं पाहिलं आणि ओल्या सड्यावर अंगठा घासून बघितला. पण त्याच वेळी खालून, ओढ्याच्या बाजूनं, गायींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. "ह्या उन्यात, आबा," तो म्हणाला. सडा काय, शेकडो खुरांखाली फुटेल. आबा वाटेकडे तोंड करून एका खडकावर बसले. रुपचंद पाटावर उभा राहिला, समोर पुष्पा. मध्ये अंतरपाट आला. जोशीबुवांनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं. नवरीमागं मामानं उभं राहायचं, म्हणून भटू तिकडे निघाला. जाता जाता त्यानं सहज उंबरामागं नजर टाकली.

उंबरामागं नुसती दावी होती.

तेवढ्यात दिवल्याला मनासारखा क्षण सापडला. नवरा-नवरी उभी, भटजी गातोय, गायी येतायत. त्यानं दोन्ही हात वर उचलले आणि ढोलावर असा टोला हाणला, की मोहावरचे सगळे पक्षी उडाले आणि जोशीबुवांचं 'कुर्यात्' अर्ध्यात राहिलं. खाली ओढ्यावर गायींना वासरं नुकतीच भेटली होती. वर जाण्याचं त्यांना आता कारणच उरलं नव्हतं, आणि त्यात वरून हा आवाज! घंटा एकदम खणाणल्या, थोडा वेळ घोटाळल्या आणि मग दूर दूर जाऊ लागल्या.

घराकडे. आबांच्या गोठ्याकडे.

भटूनं धोतराचा काचा मारला आणि तो धावत सुटला. करवंदीच्या जाळ्यांनी त्याचा सदरा धरला, त्यानं तो फाटू दिला. ओढ्यात पागोटं पडलं, ते पडू दिलं. रान संपून गाडीवाट लागते, तिथं त्यानं कळप गाठला आणि वळसा घालून, हात पसरून वाटेत उभा राहिला.

"थांबा व माय," तो गायींना म्हणाला, "तुमना पाया पडस!"

झुलाल आबांच्या गायी त्या. त्या झुलाल आबांचंही ऐकत नसत. भटूच्या दोन्ही अंगांनी त्या गेल्या, वासरं शेपट्या वर करून गेली आणि उन्हाळाभर कुटलेली त्या वाटेची सगळी धूळ वर आली. भटूच्या केसांत, कानांत, मिशांत, घामेजल्या अंगावर, फाटक्या सदऱ्याच्या प्रत्येक घडीत ती जाऊन बसली. धूळ खाली बसली तेव्हा वाट रिकामी होती आणि सूर्य टेकायला हातभर उरला होता.

भटू वाटेतच बसला. इथून नदीकाठ गाठावा आणि सगळी मंडळी घरी जाईपर्यंत तिथंच बसावं, असं त्याला वाटलं. जन्मभर त्यानं तेच केलं होतं. पण वर पुष्पा पाटावर उभी होती. तिच्या मागं कुणी नव्हतं. हे मनात येताच भटू उठला आणि चढू लागला. आबांपुढे उभं राहायचं आणि सांगायचं, की नाही झालं. नाही आली धूळ. शिक्षा मला करा, पोरीला नको. "नही," तो पावलापावलाला म्हणत होता. "नही. नही." रानात कुणी ऐकणारं नसलं, की त्याला चांगलं जमत होतं.

वर जोशीबुवांनी सगळी मंगलाष्टकं संपवली होती आणि आता ते वेळ काढायला मारुतीस्तोत्र म्हणत होते. दिवल्या दिवा हातात धरून एकदा सूर्याकडे आणि एकदा झऱ्यापलीकडच्या झुडपांकडे बघत होता. बायका पोरांना कडेवर घ्यायला लागल्या होत्या. आबा खडकावरून उठले नव्हते, पण त्यांची काठी खडकावर आपटायला लागली होती. आणि तेवढ्यात वाटेवरून, रांगोळीचे मोर तुडवत, मातीच्या रंगाचं काहीतरी वर आलं.

"माय व! हाई काय शे?" भागाबाई किंचाळली.

"मामा शे," पुष्पा म्हणाली. तिनं एकटीनंच ओळखलं.

भटू आबांपुढे उभा राहिला. हात जोडले. तोंड उघडलं. 'नही' अगदी जिभेच्या टोकावर होतं, पण घशात आबांच्या गोठ्याच्या वाटेची निम्मी धूळ बसली होती. त्याला ठसका लागला आणि तो काही केल्या थांबेना.

"गायी कोठे शेत?" आबा गरजले.

भटूनं खोकत खोकत खाली बोट दाखवलं.

"आनी धूळ? मना घरनी धूळ कोठे शे?"

भटू खोकत राहिला. आबांचा तोल सुटला. त्यांनी काठी टाकली आणि दोन पावलं पुढं होऊन भटूच्या पाठीत असा रट्टा घातला, की भटू थेट मांडवात, पुष्पाच्या मागं, मामाच्या जागेवर जाऊन आदळला.

आणि धूळ उडाली.

काय उडाली! मावळतीच्या उन्हात तिचा लालसर लोट वर चढला, मांडवाच्या डहाळ्यांना लागला आणि हळूहळू खाली उतरला. अंतरपाटावर उतरला, नवरीच्या पदरावर उतरला, नवरदेवाच्या बाशिंगावर उतरला. रुपचंदनं नाक वर केलं, डोळे मिटले, आणि जोरात शिंकला.

ऐन मुहूर्तावर शिंक! भिकुबाईनं डोळे घट्ट मिटून घेतले. वऱ्हाड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पण भागाबाईनं दोन्ही हात वर केले होते आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "शिकना!" ती ओरडत होती. "मना आंडोर मायपुढे शिकना! मायनी कौल दिना!"

आबांना त्यातलं काही ऐकू गेलं नाही. ते अंतरपाटापाशी गेले. त्यावरची धूळ त्यांनी बोटानं उचलली, चोळून पाहिली, हुंगली. मग पुन्हा हुंगली.

"मन्याच गायी," ते म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. "मन्याच गायीस्नी धूळ शे हाई." आणि त्यांनी भटूच्या पाठीत दुसरा रट्टा घातला. पण या रट्ट्यात राग नव्हता. बापाच्या डोक्यावर पडली, आजाच्या डोक्यावर पडली, ती धूळ आता लेकाच्याही डोक्यावर पडत होती आणि आबांना ती थोडीशी पडून चालणार नव्हती.

"म्हना, जोशीबुवा, म्हना!" ते ओरडले.

"शुभमंगल सावधान!" जोशीबुवांनी एका दमात उरकलं. अंतरपाट सरकला, अक्षता पडल्या, आणि झुलाल आबा गादी झोडपावी तसे आपल्या याहीला झोडपत राहिले, सदरा झाला, पाठ झाली, मिशा झाल्या. बॅण्ड वाजायला लागला. दिवल्यानं एका हातानं दिवा लावला आणि दुसऱ्या हातानं ढोल वाजवला, कारण त्याचं एकदाचं वाजवून झालेलं असलं तरी नाही म्हणायला कुणाला सुचलं नाही. मग सगळे बट्ट्यांच्या टोपल्या, वरणाची भांडी, बाशिंगं आणि पोरं घेऊन डोंगर उतरायला लागले. बिबट्याला त्या दिवशी पाणी प्यायला बराच उशीर झाला असणार.

गाडीवाटेच्या फाट्यावर जेवणं झाली. इथून एक वाट आबांच्या गावाला जात होती आणि दुसरी तापीकडे. पुष्पा रुपचंदच्या गाडीत बसली. भिकुबाईनं तिची ओटी भरली, तोंडावरून हात फिरवला आणि पदर डोळ्यांना लावून बाजूला झाली. भटू चाकाला टेकून उभा होता. एवढा झोडपूनही त्याच्या अंगावर धूळ होतीच.

आबा पोटभर जेवले होते, खूश होते. रीतीप्रमाणे ते भटूसमोर आले आणि त्यांनी हात जोडले. "याही, रजा द्या. पोरले लई जाऊत ना आते?"

हे विचारायचं असतं म्हणून विचारतात. उत्तर ठरलेलं असतं. आणि ज्या माणसानं जन्मात कुणाला दुसरं उत्तर दिलं नव्हतं, त्यालाच विचारलं होतं.

"नही," भटू म्हणाला.

खणखणीत म्हणाला. बैलांनीसुद्धा कान टवकारले. आबांचे जोडलेले हात तसेच राहिले. भिकुबाईनं तोंडावर हात घेतला. भटू स्वतःच दचकला होता, पण शब्द निघाला तो निघाला. त्याच्यामागून दुसरा निघाला. "नही," तो पुन्हा म्हणाला आणि चाकाचा आरा घट्ट धरून खाली बसला, गुडघ्यांत मान घातली, आणि सगळ्या वऱ्हाडासमोर हमसून हमसून रडायला लागला. धुळीनं माखलेल्या गालांवर ओले ओहोळ उतरले.

पुष्पा गाडीतून उतरली. नवी कोरी साडी मातीत टेकवून ती मामापुढे बसली, त्याचं डोकं तिनं आपल्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला.

"व्हई जाई, मामा," ती म्हणाली. "व्हई जाई."

काही व्हायचं नव्हतं. ती जाणार होती आणि तो मागं राहणार होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण मामा रडायचा थांबला.